दुखवट्याचे तीन सिनेमे

वडील गेल्यानंतरच्या अडीच महिन्यांत मी थेटरात जाऊन तीन मारधाडीचे सिनेमे पाहिले. त्याआधीच्या दहा वर्षांत सगळे मिळून तेवढे पाहिले नसतील. मला सिनेमाचा राग नाही आणि ओढही नाही. कोणी नेलं तर जातो, दाखवतील ते बघतो आणि घरी येऊन अर्धं राहिलेलं पुस्तक पुढे वाचतो. हे तीन मात्र मला आणि आईला पाहावेच लागले, कारण आमच्याकडे दुखवटा तसा काढतात.

तेरवी झाली तरी आमच्याकडे दुखवटा संपत नाही. दुखवट्यातल्या माणसानं दुसऱ्याच्या दारी जायचं नाही, बाजार करायचा नाही आणि आपल्या हातानं परक्याचं कुठलंही काम धरायचं नाही. मग लेकीच्या सासरचं माणूस येतं, घरच्यांना बाहेर नेतं, मन रमेल असं काही दाखवतं आणि गोड खाऊ घालतं. त्या दिवशी दुखवटा निघाला असं धरतात. आजोबा गेले तेव्हा वडिलांना जत्रेत नेऊन आकाशपाळण्यात बसवलं होतं. पाळणा वर गेल्यावर त्यांना पहिल्यांदा रडू आलं आणि खाली येईपर्यंत ते थांबलं, असं ते सांगत. पद्धत बरोबर असल्याचा हा त्यांच्याकडचा पुरावा होता. पुढे चिखलीला थेटर झालं आणि पाळण्याच्या जागी सिनेमा आला.

बहीण जळगाव जामोदला दिली आहे. तिचे यजमान विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी बांधतात, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी भरतात. हाती धरलेलं काम पुरं करायचं, हा त्यांचा स्वभाव आहे. अर्धी बांधलेली मोटर चालत नाही, हे वाक्य ते कुठल्याही विषयावर बोलताना वापरतात. आईला ते मामी म्हणतात आणि मला मास्तर. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करतो, शिकवत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. नंतर सोडून दिलं.

वडील हाडं बसवायचे. रोज सकाळी ओसरीत एक लाकडी पाट मांडलेला असे. त्यावर माणूस बसे, वडील त्याच्यासमोर आणि आई बाजूला. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, “कुठं दुखते?” हाड मोडलंय असं बोटांना लागलं की ते हात काढून घेत आणि सांगत, “हे आपलं काम नाही. तालुक्याले जा, फोटो काढा.” फोटो म्हणजे एक्स-रे. उतरलेला खांदा, मुरगळलेला पाय, लचकलेलं मनगट एवढंच ते ठेवून घेत. वडील ओढायचे आणि आई बोलायची. सोयाबीन काय म्हणते, सून नांदते का, असं ती विचारत राही. माणूस सुनेबद्दल सांगण्यात गुंतला की वडील झटका देत. सुनेची गोष्ट अर्धीच राही. शेवटच्या तीन-चार वर्षांत वडिलांचे हात कापू लागले, तेव्हा दोघांनी जागा बदलल्या. आई ओढू लागली आणि वडील बोलू लागले. त्यांना बोलणं तेवढं जमत नसे. ते पुन्हा पुन्हा पावसाचं विचारत.

मी हे काम शिकलो नाही. लहानपणी मला पेशंटचा दुसरा हात धरायला बसवत, तेव्हा मी दुसरीकडे तोंड करून पुस्तक वाचत असे. कधी मी त्यांना एखाद्या कादंबरीची गोष्ट सांगितली, लढाई सांगितली, तर वडील सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “त्याले दुखलं का?” पुष्कळदा मला परत जाऊन पाहावं लागे.

सिनेमाही ते असाच पाहायचे. वर्षातून एखादा, तोही जावई आले तर. गोष्ट त्यांच्या लक्षात राहत नसे, दुखापती राहत. जुन्या सिनेमातला नायक मार खाऊन घरी यायचा, त्याची आई हळद लावायची, आणि पुढचं निदान एक गाणं तो लंगडायचा. वडिलांना हे पुरेसं होतं. “डाव्या पायाले लागलं होतं, शेवटपर्यंत डाव्यानंच लंगडला. इमानदार मानूस हाये,” असं त्यांनी एका नायकाबद्दल म्हटलं होतं. त्यांच्या तोंडून नटाची याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

ते गेल्यावर आईनं पाट उचलून भिंतीला उभा लावला. माणसं येतच राहिली. एकदा सुलतानपूरकडून एकजण खांदा धरून जीपनं आला. त्याला कळलं नव्हतं. आई दारातच म्हणाली, “दुखवटा हाये, भाऊ. दुसरीकडं पाहा.” तो आधी वडिलांसाठी हळहळला, मग स्वतःच्या खांद्यासाठी, आणि तसाच खांदा धरून गेला. आई आत येऊन बसली. दिवसभर बसली. अशी ती मी कधी पाहिली नव्हती. तिच्या मांडीवर तिचे हात कोणीतरी ठेवायला दिल्यासारखे पडलेले असत. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. आम्ही घरात तिघं होतो, आता दोघं उरलो होतो, आणि त्यातलं एक रोज थोडं थोडं कमी होतंय असं मला दिसत होतं. दुखवटा निघाला तर तिचे हात पुन्हा कामाला लागतील, एवढी एकच आशा मला होती, आणि ती जावयाच्या हाती होती.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी ते बहिणीला घेऊन आले. दुपारच्या खेळाला आम्ही चिखलीला गेलो. कौटुंबिक सिनेमा नको असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. कौटुंबिक सिनेमात बाप आजारी पडतो आणि मग आई रडते, असं त्यांचं निरीक्षण होतं. खिडकीवर त्यांनी चौकशी केली.

“याच्यात कोनी मरते का?”

“लय मरतेत,” खिडकीतला माणूस म्हणाला.

“आजारानं?”

“नाही. गोळीनं, तलवारीनं. एक-दोन जन चाकाखाली.”

“मंग द्या चार.”

त्या सिनेमात नायक बोलत नव्हता. त्याच्या दाढीला वारा लागत होता. तो एका कारखान्यात शिरला आणि माणसं मारू लागला. सुरुवातीला मी मोजत होतो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नव्वदच्या पुढे अंक चुकला. संगीत इतकं मोठं होतं की माझ्या छातीचं हाड हलत होतं. नायकाच्या पाठीत सळई घुसली, ती त्यानं हातानं काढली आणि तिनंच पुढच्याला मारलं. मला वडिलांची आठवण आली. एरवी ती येते तशी नाही. हिशेब विचारायला कोणी वरिष्ठ येऊन उभा राहावा, तशी.

मध्यंतराआधी आई माझ्याकडे वाकली. मला वाटलं आवाज सहन होत नसेल. ती म्हणाली, “याईले उचलत काऊन नाहीत?”

“कोणाला?”

“हे मेलेले. मघापासून तसेच पडले हायेत. घरी कोनी सांगतलं का याईच्या?”

आमच्या एका माणसासाठी तेरा दिवस, चार गावांची माणसं आणि एवढा स्वयंपाक लागला होता. पडद्यावर शंभर माणसं पडली होती आणि नायक त्यांच्यावरून चालत निघाला होता. आई उठली. “चाला घरी.”

जावई मागे धावले. “मामी, अर्धाच झाला. अर्ध्यावर दुखवटा निघत नाही.”

“नाही निघत तर नाही निघत.”

बाहेर त्यांनी जिलबी घेतली. आईनं ती पिशवीतच ठेवली. परतताना जीपमध्ये जावई मला हळूच म्हणाले, “मास्तर, चूक पिच्चरची हाये, पद्धतीची नाही.” यावर माझं त्यांच्याशी एकमत झालं.

दुसरा सिनेमा त्यांनी विचार करून निवडला. यात मरणारे कमी आहेत आणि जे मरतात ते परदेशात मरतात, असं त्यांना दुकानावरच्या गिऱ्हाइकांकडून कळलं होतं. तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. नायक विमानातून मोटारीवर उडी मारत होता, मोटारीतून रेल्वेवर. प्रत्येक वेळी तो खाली आला की एक गुडघा आणि एक मूठ जमिनीवर टेकवून बसे आणि मान वर करून पाही. बहिणीनं चौथ्या वेळी विचारलं, “हा गुडघा टेकून काय पाहून राह्यला?” कोणालाच माहीत नव्हतं. गोष्टही नीट लागत नव्हती, कारण एक माणूस मध्येच आला आणि सगळं थेटर ओरडलं. तो आधीच्या एका सिनेमातला होता, असं मागच्या रांगेतून कळलं. तो आम्ही पाहिला नव्हता.

पण आई बसून राहिली. जावई दर थोड्या वेळानं पडद्याऐवजी तिच्याकडे बघत होते. शेवटी खलनायकानं नायकाच्या भावाला उचलून नेलं, नायकानं आकाशाकडे पाहून आरोळी ठोकली, पडदा काळा झाला आणि अक्षरं आली की उरलेली कथा पुढच्या भागात.

दिवे लागले. जावई तसेच बसून होते.

“झाला,” ते म्हणाले. “पुरा झाला, मामी.”

“कुठं झाला?” आई म्हणाली. “त्याच्या भावाले तर घेऊन गेले.”

“ते पुढच्या भागात येते.”

“पुढचा भाग कधी हाये?”

जावयांनी मागच्या रांगेत विचारलं. “दोन वर्सानं,” मागून उत्तर आलं.

आईनं पदर सावरला. “मंग दोन वर्सानं काढू दुखवटा.”

ती चेष्टा करत नव्हती. बहिणीला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. जावयांच्या चेहऱ्यावर मात्र मोठं संकट दिसत होतं. मोटर अर्धी बांधून गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी या असं सांगितल्यासारखं ते होतं. मला तर त्या दिवशी राग आला, आणि मला राग सहसा येत नाही. पुस्तक वाचणाऱ्याला एवढं समजतं की शेवट लिहिणं अवघड असतं. पण अवघड आहे म्हणून माणसांना दारात उभं ठेवून दोन वर्षांनी या म्हणायचं, हे वडिलांनी कधी कोणा खांदा धरून आलेल्याला केलं नाही.

त्या रात्री आईनं अर्ध्या भाकरीतलीही थोडी ठेवली.

तिसऱ्या खेपेला माझी इच्छा नव्हती. मी फोनवर जावयांना म्हटलं, सिनेमाऐवजी दुसरं काही चालेल का, एखादं देवदर्शन. ते म्हणाले, “मास्तर, दोनदा उघडलेली मोटर तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या दुकानात नेत नाहीत.” त्यांनी सिनेमा पुरा आहे, पुढचा भाग नाही, याची खात्री दोघांकडून करून घेतली होती. रविवारी दुपारचा खेळ होता. आईला नीट बसता यावं म्हणून त्यांनी मधल्या वाटेच्या कडेच्या जागा धरल्या.

या नायकाला दाढी नव्हती, एवढाच फरक मला दिसला. बाकी तेच. तोच काळपट रंग, तोच ढोल, माणसं तशीच उडत होती आणि खाली पडल्यावर दिसेनाशी होत होती. जावई मध्यंतरानंतर चहा आणि लाह्या आणायला गेले. ते गेले आणि पडद्यावर नायकाचा खांदा उतरला. चार जणांनी त्याला खांबाला बांधून ओढलं, आणि हात लोंबू लागला. थेटर गप्प झालं. मला आईचा श्वास ऐकू आला. नायकानं दातओठ खाऊन दोर तोडले, तो दोन पावलं मागे गेला आणि त्यानं उतरलेला खांदा धाडकन भिंतीवर आपटला. खट्ट आवाज आला. खांदा बसला. त्यानं त्याच हातानं पुढच्या माणसाला उचलून फेकलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

आई उभी राहिली.

“असा नाही बसत,” ती म्हणाली. तिचा आवाज ओसरीतला होता. मी तो दोन महिने ऐकला नव्हता.

“मावशी, खाली बसा,” मागून कोणी म्हणालं.

“अरे, पण असा नाही बसत. पहिले ढिला सोडा लागते. त्यानं अंग आवळून धरलं हाये, आवळलेल्या अंगात खांदा बसते काय? शीर दाबली म्हंजे हात जन्माचा गेला.”

“मंग त्याले सांगा ना, आमाले काऊन सांगता?”

लोक हसले. आई त्या आवाजाकडे वळली. “तुमाले यासाठी सांगते, की उद्या कोनी भित्तीवर आपटून घेसान अन् मंग माह्या दारी येसान.”

पुन्हा हसले, पण आता वेगळं. शेजारच्या बाईनं विचारलं, तुम्ही बसवता का हो हाडं. आई काही बोलायच्या आत मागे वाटेवर मोठा आवाज झाला. जावई चहा घेऊन येत होते. आपली सासू थेटरात उभी राहून भाषण करते आहे, हे पाहून त्यांची मान वर झाली आणि पाय खालची पायरी विसरला. पडद्यावर त्याच वेळी नायक पाचव्या मजल्यावरून एका हातगाडीवर पडत होता. तो उठला. आमचे जावई एका पायरीवरून पडले होते, ते उठले नाहीत.

आई त्यांच्यापर्यंत कशी पोचली मला दिसलं नाही. मी मोबाईलचा दिवा लावून गेलो तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि जावयांचा उजवा पाय तिच्या मांडीवर होता. मांडीवर दोन महिने जिथे तिचे हात पडून होते, तिथे.

“कुठं दुखते?”

“मामी, चहा सांडला.”

“चहा राहू द्या. कुठं दुखते?”

“घोट्यात. बाहेरच्या अंगानं.”

“बोटं हलवा.” बोटं हलली. तिनं अंगठ्यानं घोट्याभोवती दाबत जाऊन एका जागी थांबून डोळे मिटले. वडील मिटायचे तसे. “हाड नाही मोडलं. लचकला हाये. मोटरीचं काम कसं चालू हाये सध्या?”

“कुठचं चालू, मामी. लाईनच राह्यत नाही. परवा एक पाच हॉर्सपॉवरची आली, त्या मानसानं...”

त्या माणसानं काय केलं ते राहिलं. जावई ओरडले, बरेच मोठ्यानं. पुढच्या रांगेतले दोघे वळून पाहू लागले. पडद्यावर एवढी मारामारी चालू असताना दुखल्याचा तो दिवसातला पहिला आवाज होता.

मी दिवा धरून उभा होतो. लहानपणी दुसरीकडे तोंड करायचो, तसं त्या वेळी केलं नाही. पाहिलं. आईची बोटं कापत नव्हती. तिनं जावयांच्याच गळ्यातला दुपट्टा काढून पाय आवळून बांधला, गाठ वरच्या अंगाला घेतली आणि म्हणाली, “पाय टेकू नका. आठ दिवस. सूज उतरली नाही तर फोटो काढून आना.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू काऊन रडून राह्यला? तुले तं काही झालं नाही.”

मी म्हटलं, दिव्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं मान्य केलं.

सिनेमा तसाच सोडून आम्ही निघालो. जीपमध्ये जावई मागच्या बाकावर पाय लांब करून होते. मेहकर फाटा गेला तरी त्यांच्या मनाला चैन नव्हती. पायाचं त्यांनी काही म्हटलं नाही.

“मामी, एक सांगा. हाबी पुरा नाही झाला. मंग दुखवटा निघाला का नाही?”

आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या हातात या वेळची जिलबी होती आणि तिनं पुडा उघडला होता.

“निघाला,” ती म्हणाली. “तुमी पाय हलवू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघायच्या तयारीत होतो. दारात एक बाई मनगट धरून उभी राहिली. माझ्या तोंडात ते दुखवट्याचं नेहमीचं वाक्य आलंच होतं. आतून आई म्हणाली, “बसव तिले. अन् तेल गरम कर.”

मी पाट भिंतीपासून काढला, पुसला आणि मांडला. तेल तापत ठेवलं. ओसरीतल्या बाजेवर जावई पडून होते, आणि सूज खरंच उतरत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मास्तर, तुमी वाचनारे हा. त्या पिच्चरचा शेवट काय झाला असन?”

मी विचार केला. म्हटलं, “बाकीचे सगळे मेले असतील. नायक चालत पुढे आला असेल. मागे आग लागली असेल.”

“त्याले लागलं असन काही?”

“नाही.”

“मंग आपलं काही चुकलं नाही,” ते म्हणाले.

पाटावरची बाई आईला आपल्या सुनेबद्दल सांगू लागली होती. मी तेलाचं भांडं खाली ठेवलं आणि तिचा दुसरा हात धरायला बसलो.